अडतिसावी खूण

१

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यूस्टाइनचं पत्र आलं. माझा मुलगा चार वर्षं मालवाहू जहाजावर होता. 'आई, पुरे झालं हे फिरणं,' त्यानं लिहिलं होतं. 'ऑक्टोबरच्या शेवटच्या टपालबोटीनं घरी येतोय. बाबांची होडी आता मी चालवणार. त्यांच्या खुणा नीट उतरवून ठेव. त्यांचं अक्षर तुझ्याशिवाय कुणाला लागत नाही.'

म्हणून रोज शाळा सुटली की मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्या नवऱ्याच्या, एडविनच्या वहीतल्या खुणा उतरवू लागले.

आमच्या लिलेवोग गावाला शेत नाही, झाडही नाही. जे आहे ते पाण्याखाली, आणि पाण्याला कुंपण घालता येत नाही. त्यामुळे इथल्या प्रत्येक घराची एक वही असते. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आणायच्या, दुसरीकडच्या दोन दुसऱ्या रेषेत. या दोन रेषा जिथं एकमेकींना छेदतात तिथं गळांचा दोर सोडायचा. शंभर हात इकडे झालं तर दोर रिकामा वर येतो. शंभर हात तिकडे झालं तर होडी खडकावर.

एडविनला जाऊन दोन वर्षं झाली होती. एप्रिलमधली सकाळ, स्वच्छ ऊन, परातीतल्या पाण्यासारखा निवांत समुद्र. त्याची होडी स्कार्वनेसच्या टोकाबाहेर तरंगताना सापडली. इंजिन चालू होतं, तळाची एक फळी खरवडली होती. तो सापडला नाही. पाय घसरला असेल, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत आले होते.

वहीत एकूण एक्केचाळीस खुणा. मी शाईनं, मुलांना कित्त्यात घालून देते तशा अक्षरात लिहीत होते. चौथ्या दिवशी अडतिसावी आली.

'स्कार्वनेस. पिवळ्या घराचं छप्पर टेकडीवरच्या दगडांच्या राशीखाली आणायचं. चर्चचा मनोरा कड्याच्या डावीकडे मोकळा दिसला की थांबायचं. कॉड मासा, भरपूर. पुढं उथळ.' आणि समासात एकच अक्षर, 'ह'. म्हणजे हागबार्ट, त्याचा थोरला भाऊ. खूण त्याच्याकडून मिळालेली.

मी ते अर्धं उतरवलं आणि लेखणी थांबली.

स्कार्वनेसला घर नाही.

तिथं गोडं पाणी नाही, मेंढ्यासुद्धा कुणी सोडत नाही. आणि पिवळं घर तर आमच्या अख्ख्या फिओर्डाच्या खाडीत नाही. युद्धाच्या शेवटी जर्मनांनी जाताना सगळं जाळलं. नंतर सरकारनं एकाच आराखड्यावर घरं उभी केली आणि बोटीनं पांढरा रंग पाठवला. दारावर नंबर नसता तर पुरुष चुकून शेजारणीच्या घरात जेवायला बसले असते.

दुसऱ्या दिवशी मुलांना गणितं घातली आणि भिंतीवरच्या किनाऱ्याच्या नकाशासमोर उभी राहिले. वीस वर्षं याच नकाशावर काठी ठेवून मी शिकवत आले: इथं मासा वाळवतात, इथं तेल काढतात, इथं बोट थांबते. घर म्हणजे काळा ठिपका. स्कार्वनेसवर एकही ठिपका नव्हता. मी नखानं कागद खरवडून पाहिला.

२

ओलियाना दुकान सांभाळते आणि टपालही तीच बघते. कॉफी मोजता मोजता तिला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पिवळं?" ती हसली. "आपल्याकडे पिवळा रंग कोण लावतंय गं! माझ्या म्हाताऱ्यानं एकदा संडास पिवळा रंगवला होता. तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं उचलून नेला. तोच स्कार्वनेसला जाऊन बसला असेल तर बघ. आत माणूस असेल तर आमचाच असेल, सकाळपासून दिसला नाही मेला."

मीही हसले. पुडी पिशवीत टाकली.

"पण गंमत बघ," ती सुतळी तोडत म्हणाली, "एडविनसुद्धा हेच विचारत होता. तो गेला ना, त्याच आठवड्यात. इथंच उभा होता, तू आहेस तिथं."

"काय विचारत होता?"

"हेच की. ओलियाना, पिवळ्या घरात कोण राहायला आलंय? मी म्हटलं, राजा आला असेल." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "तुला सांगायला हवं होतं का? मला वाटलं थट्टा करतोय."

"थट्टाच असेल," मी म्हणाले.

घरी परतताना मला त्या आठवड्यातलं एक जेवण आठवलं. उकडलेला मासा होता, बटाटे होते. एडविन काटे बाजूला काढत म्हणाला होता, "आज तिथं धुणं वाळत होतं. घालायची पद्धत अगदी तुझी. स्वेटर उलटा, बाह्या खाली." मला वाटलं तो शेजारच्या गावाबद्दल बोलतोय. मी मुलांच्या वह्या तपासत होते. "असं का," म्हणाले आणि पान उलटलं.

३

हागबार्ट त्याच्या होडीघरात उंबऱ्यापाशी टबावर बसून गळांना आमिष लावत होता. मागे, अंधारात, एडविनची होडी उभी होती. फळी त्यानंच बदलली होती, रंगही त्यानंच दिला होता.

"ये, ये, मास्तरीणबाई. आज कुणाचे कान पिळायला?"

"तुझे." मी वही त्याच्यासमोर धरली. "ही खूण तू दिलीस."

त्यानं वाचलं. हात आमिषाच्या डब्यात तसाच राहिला.

"जुनी असेल एखादी."

"तिथं घर कधी होतं?"

"कुठं?"

"हागबार्ट, मी चौथीच्या पोरांना रोज बघते. खोटं बोलताना ती पण असंच बघतात."

त्यानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

परक्याला खोटी खूण सांगणं आमच्याकडे पाप समजत नाहीत. ती करमणूक असते. दक्षिणेकडच्या होड्या येतात, त्यांच्या माणसांना आमचे लोक कॉफी पाजतात, खोटी खूण देतात आणि मग आठवडाभर हसतात. पण भावाला कुणी खोटी खूण देत नाही. एका आईचं दूध प्यायलेल्या माणसांत ते चालत नाही.

"स्कार्वनेसची जागा बाबांनी मरताना मला दिली," तो म्हणाला. "मला एकट्याला. एडविन दर हिवाळ्यात मागायचा. सांग ना, सांग ना. त्या वर्षी मी सांगितली. पण घर मी मनानं घातलं. पिवळं घर. मुद्दाम पिवळं."

"भावाला?"

"न सापडणारी खूण होती, बोर्गहिल! त्यात काय बिघडतं? नसलेल्या घरामागे कोण जाणार? चार दिवस शोधेल, चिडेल, इथं येऊन मला शिव्या घालेल. मी हसेन. मग खरी सांगेन. देवाशपथ सांगणार होतो."

"मग?"

"तो आला. पण चिडून नाही. म्हणाला, हागबार्ट, खूण एकदम बरोबर आहे. दोर ओढताना हात दुखले." तो पायांकडे बघत होता. "मला वाटलं, माझीच फिरकी घेतोय. मीही म्हटलं, बरोबर असणारच. घरात कोण राहतं रे? तर म्हणाला, अजून कुणी बाहेर आलेलं दिसलं नाही."

वरच्या तुळईवर टांगलेले, जाळ्याला बांधायचे काचेचे गोळे वाऱ्यानं एकमेकांवर टिकटिक करत होते.

"दोन वर्षं," मी म्हणाले. "दोन वर्षं रविवारी माझ्याकडे जेवायला येतोस."

"काय सांगणार होतो? माझ्या थट्टेपायी भाऊ मेला, हे?"

माझ्या मनात रागापेक्षा हिशेबीपणा जास्त होता, हे मला नंतर कळलं. सहा आठवड्यांनी माझा मुलगा याच होडीत बसणार होता, याच वहीवर. एक खूण खोटी असेल तर फाडून टाकता येते. पण एडविनला ती सापडली होती. सापडलेली खूण फाडून काय होतं?

"मला तिथं घेऊन चल," मी म्हणाले. "याच होडीतून. दिवसा."

४

शनिवारी दुपारी निघालो. ओहोटी लागली होती, वारा जवळजवळ नव्हता. एडविनच्या इंजिनाचा आवाज मला लांबूनही ओळखू येतो; तो थोडा लंगडा आहे, दर चौथा ठोका उशिरा पडतो. तो आवाज पायाखालून येत होता आणि मी दोर ओढायच्या त्याच्या जागेवर बसले होते.

"मी इथं येतो," हागबार्ट एकाएकी म्हणाला. "तो गेल्यापासून. आठवड्यातून एकदा तरी."

"कशाला?"

"घर दिसतंय का बघायला." तो कसाबसा हसला. "माझंच घर ना ते. मीच बांधलं. पण मला नाही दिसत. एकदाही नाही."

"नाहीच आहे, तर दिसणार कसं?"

"हेच मी दर वेळी म्हणतो."

स्कार्वनेस पुढं आलं. राखाडी खडक, वर टेकडी, टेकडीवर दगडांची जुनी रास. खाली किनाऱ्याची उतरती पट्टी, गवत पिवळं पडलेलं. मी स्वतःशी म्हणाले, हेच ते. सप्टेंबरात गवत पिवळं पडतं, वर ऊन पडतं, आणि थकलेल्या माणसाला त्यात भिंत दिसते. मग आठवलं, एडविननं पाहिलं ते एप्रिलमध्ये. तेव्हा तिथं बर्फ असतं.

"थोडी डावीकडे," मी म्हणाले.

हागबार्टनं सुकाणू वळवलं.

"अजून थोडी. बस."

गवताच्या पट्टीत एक सरळ रेघ होती. खडकात सरळ रेघ नसते. आम्ही जवळ जात होतो तशी रेघेची कडा झाली आणि कडेखाली छप्पर आलं. आमच्याच छपरांसारखं, त्याच आराखड्याचं. दार मध्ये, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी. भिंती पिवळ्या. रंग नवा होता.

मला भीती वाटली नाही. हे नीट सांगायला हवं. ते घर इतकं साधं होतं की न बघितल्यासारखं करणंच वेडेपणाचं वाटलं असतं. धुराड्यातून धूर निघत होता. छप्पर राशीच्या बरोबर खाली आलं होतं. दुसरीकडे, कड्याच्या डावीकडे, चर्चचा मनोरा हळूहळू मोकळा होत होता.

"दिसतंय?" हागबार्टनं विचारलं. तो माझ्या नजरेच्या दिशेनं डोळे ताणून बघत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं.

मी धुणं बघत होते.

दोरीवर तीन कपडे होते. एडविनचा राखाडी स्वेटर, उलटा, बाह्या खाली. माझा शाळेत घालायचा तपकिरी झगा. तो मी आज सकाळी कपाटात टांगून आले होते. आणि तिसरा, गळ्याभोवती निळ्या पट्टीचा, यूस्टाइनसाठी मी विणला होता. तो तिकडे समुद्रावर त्याच्या पेटीत असायला हवा होता.

तिन्ही ओले होते. पाणी ठिबकताना दिसत होतं. एवढ्या लांबून दिसायला नको होतं.

५

मग दार उघडलं.

आमच्याकडे खुणांखेरीज आणखी एक गोष्ट आहे. ती वहीत लिहीत नाहीत. धुक्यात किंवा लाटेत होडी घरी येते तेव्हा घरातली बाई धक्क्याच्या टोकावर जाऊन उभी राहते. तिथून तिला खडक दिसतात, होडीतल्याला दिसत नाहीत. तिनं एक हात वर केला तर थांब. दोन्ही हात बाजूला पसरले तर पाणी मोकळं आहे, ये. बस, एवढंच. होडीतला पुरुष मग कशाकडे बघत नाही, फक्त तिच्याकडे बघतो. एकवीस वर्षं मी एडविनसाठी तिथं उभी राहिले. ताप असताना, पोटात मूल असताना. एकदाही चुकले नाही.

दारातून तो बाहेर आला. चेहरा दिसण्याइतकं अंतर कमी नव्हतं. पण बाहेर पडताना त्यानं चौकटीखाली मान वाकवली, जशी तो उंच नसताना उगाच वाकवायचा. मग चार पावलं पुढं आला, पाण्याच्या कडेशी थांबला आणि त्यानं दोन्ही हात पसरले.

"पुढं घे," मी म्हणाले.

"मनोरा मोकळा झालाय, बोर्गहिल. इथं थांबायचं असतं."

"पुढं घे. पाणी मोकळं आहे."

"कोण म्हणतं?"

मला त्याचा राग आला. एकवीस वर्षांत एडविननं मला असं कधी विचारलं नव्हतं. मी मागं सरकून सुकाणूवरच्या हागबार्टच्या हातावर हात ठेवला आणि दाबला. होडी पुढं गेली. एडविन तसाच उभा होता, हात पसरून, अजिबात न हलता. दोन वर्षं मी त्याच्या प्रेताची वाट पाहिली होती. आणि तो इथं उभा होता, मला घरी घेत होता.

मग होडीच्या पुढच्या टोकाखाली पाणी फिकट झालं.

मला ते दिसलं. शेवाळाचे लांब पट्टे ओहोटीनं एकाच दिशेला झोपलेले, त्यांच्यामध्ये खडकाची तपकिरी पाठ. मला दिसलं आणि मी परत त्याच्याकडे पाहिलं. तो चुकला असेल. आता एक हात वर करेल. आता करेल. तिथून त्याला आमच्याहून स्पष्ट दिसत असणार. इथला प्रत्येक खडक त्याला पाठ होता.

त्यानं हात आणखी थोडे पसरले.

हागबार्टनं मला कोपरानं बाजूला ढकललं आणि इंजिन उलटं टाकलं. तळ घासल्याचा आवाज आला. मी ऐकलेला तो सगळ्यात लांबलेला आवाज आहे. मग आम्ही मागं आलो, गर्रकन वळलो, आणि मी वल्ह्यांवर तोंड टेकून पडून राहिले. मागे वळून पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं हागबार्टनं इंजिन बारीक केलं.

"काय पाहिलंस?"

"काही नाही."

"बोर्गहिल. होतं का घर? मला एवढंच सांग. मी मेलो तरी चालेल, पण एवढं सांग."

मी त्याच्याकडे पाहिलं. साठीचा माणूस, सुकाणू सोडून माझ्याकडे वाकला होता. एका शब्दानं मी त्याला मोकळं करू शकले असते. निदान असं सांगू शकले असते की, तू एकट्यानं नाही मारलंस त्याला.

"तिथं काही नाही," मी म्हणाले. "फक्त खडक आहे. तुझ्या खोट्या खुणेवरून तो खडकावर गेला."

त्यानं मान हलवली. सुकाणू धरलं. लिलेवोगचा धक्का दिसू लागला तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मग मला डावीकडे कशावरून घ्यायला सांगत होतीस?"

६

टपालबोट आली त्या सकाळी मी कुऱ्हाड घेऊन होडीघरात गेले. हागबार्टनं अडवलं नाही. तो बाहेर जाऊन उभा राहिला. नवी फळी फोडायला सोपी होती. कण्याला वेळ लागला. वही आदल्या दिवशीच चुलीत गेली होती, माझ्या अक्षरातली आणि एडविनच्या अक्षरातली, दोन्ही.

यूस्टाइन धक्क्यावरून सरळ तिथंच आला, खांद्यावर पिशवी तशीच. उंच झाला होता. मला मिठी मारण्याआधी त्यानं होडी पाहिली.

"हे कुणी केलं?"

"मी."

"बाबांची होडी होती ती, आई."

"हो."

"चार वर्षं मी रोज रात्री या होडीचा विचार करून झोपलोय. तुला माहीत होतं. तुला लिहिलं होतं मी." त्यानं पिशवी खाली टाकली. "का?"

मी कारण तयार ठेवलं होतं. लाकूड कुजलं होतं, असं काहीतरी. पण त्यानं कोटाची बटणं सोडली होती आणि आत गळ्याभोवती निळी पट्टी दिसत होती.

"तो स्वेटर काढ," मी म्हणाले.

"काय?"

"काढ आधी. यूस्टाइन, माझं ऐक. काढ तो."

त्यानं हागबार्टकडे पाहिलं, जसं वेड्या माणसाच्या नातेवाइकाकडे बघतात तसं. हागबार्टनं मान खाली घातली.

मुलगा दोन रात्री ओलियानाकडे राहिला आणि त्याच बोटीनं दक्षिणेला परत गेला. धक्क्यावर मी गेले होते. तो कठड्याशी उभा होता, पण दुसऱ्या बाजूला. त्याची पत्रं हल्ली ओलियानाच्या नावानं येतात. ती मला वाचून दाखवत नाही. नुसतं सांगते, बरा आहे, खातोपितो. मला तेवढं पुरतं. पुरायला हवं.

शहाणी माणसं म्हणतील, तिथं उभा होता तो एडविन नव्हता. मी शिकलेली आहे, मीही तेच म्हणते. स्कार्वनेसच्या बाजूच्या खिडकीला आता जाड पडदा आहे, आणि पडद्याच्या अलीकडे बसून मी हेच म्हणत असते. पण मान त्यानं वाकवली होती.

मुलगा गेला त्याच्या पुढच्या रविवारी मृतांचा सण होता. त्या दिवशी चर्चमध्ये समुद्रानं ठेवून घेतलेल्यांची नावं वाचतात. ज्याचं नाव येईल त्याच्या घरची माणसं उभी राहतात, पाद्री थोडं थांबतात, माणसं बसतात, मग पुढचं नाव. कुणी रडत नाही. इतकी नावं असतात की रडायला वेळ नसतो.

एडविनचं नाव आलं.

पुढच्या बाकावर हागबार्ट उभा राहिला. एकटाच, टोपी दोन्ही हातांत चुरगाळत. मग तो मागं वळून मला शोधू लागला.

ओलियानानं मला कोपर मारलं. "अगं, तुमचं नाव. ऊठ की."

मी बाकाची कड घट्ट धरली आणि बसून राहिले. उभं राहायचं ते त्याच्या घरच्यांनी, आणि त्याचं घर आता पिवळं होतं. माणसं वळून बघू लागली. पाद्री चष्म्यावरून माझ्याकडे पाहत थांबले होते. नेहमीपेक्षा बरेच जास्त थांबले. मग त्यांनी पुढचं नाव वाचलं.